हवालदार बसला की उठत नाही

हवालदार घरी राहायला आला तो सरळ स्वयंपाकघरात गेला, फ्रिजपुढे बसला आणि बसूनच राहिला. मान ताठ, नजर फ्रिजच्या दारावर. पिशवीसाहेबांची बायको हातात पालेभाजीची जुडी घेऊन त्याच्या मागे उभी होती. तिने आधी "सरक रे" म्हणून पाहिलं, मग "हट" म्हणून पाहिलं आणि शेवटी "अहो" अशी हाक मारली. ही तिसरी हाक नवऱ्यासाठी होती.

"हा काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"आत फळं आहेत, म्हणतोय."

"ते मलाही माहीत आहे. मीच ठेवलीत."

"हो, पण त्याने सांगितलं ना आता. उघडून दाखवावं लागेल. ती फळं बाहेर काढायची, त्याला शाब्बास म्हणायचं, बक्षीस म्हणून त्याचा खेळायचा टॉवेल द्यायचा. मग उठतो तो."

"आणि नाही काढली तर?"

"तर नाही उठत," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता की बायकोने जुडी ओट्यावर आपटली.

हवालदार हा कुत्रा होता, हे सांगायला हवं. विमानतळावर परदेशातून येणाऱ्यांच्या सामानात फळ, भाजी, रोप, माती किंवा किडका दाणा लपून येत नाही ना, हे हुंगून सांगायचं, ही त्याची नोकरी. वास आला की तो भुंकत नसे, ओरबाडत नसे, फक्त त्या सामानाशेजारी बसत असे. तो बसला की समोरचा माणूस आपोआप खिसे चाचपायला लागायचा, म्हणून सगळ्या विमानतळाने त्याला हवालदार म्हणायला सुरुवात केली. त्याची साखळी धरणाऱ्या साहेबांनाही असंच 'पिशवीसाहेब' हे नाव पडलं होतं. इमारतीच्या जिन्यात कुणी भेटलं की ते आधी त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघत आणि मग चेहऱ्याकडे. काही शेजाऱ्यांचे चेहरे त्यांना अजून नीट ठाऊक नव्हते, पण पिशव्या सगळ्यांच्या पाठ होत्या.

"कीड काही पासपोर्ट काढत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. जेवताना ते बायकोला समजावून सांगत, "एखादी अळी घे. तिच्या देशात तिला खाणारे पक्षी असतात, तिच्यावर जगणारे किडे असतात. इथे तिला ओळखणारंच कुणी नाही. मग ती खाते, मोठी होऊन अंडी घालते आणि तिची पिल्लं परत खातात. एका माणसाच्या खिशातून एक फळ येतं आणि दहा गावच्या बागा बसतात."

"मला जेवताना अळीचं कौतुक नको," बायको म्हणायची आणि पानातली भाजी एकदा उलटून बघायची.

आता हवालदाराचं तोंड पांढरं झालं होतं, मागचे पाय दुखत होते, आणि खात्याने त्याला निवृत्त केलं होतं. त्याच्या जागी एक तरणीताठी कुत्री आली, तिच्याबरोबर एक तरणीताठी मुलगी आली, आणि साहेबांना बॅगा उघडून तपासण्याच्या टेबलामागे बसवलं. निवृत्त कुत्रा साहेबांनी घरी न्यायला खात्याची हरकत नव्हती. अट एकच होती. काही दिवसांनी खात्याच्या डॉक्टरबाई घरी येऊन विचारणार, आणि दिवसभर घरात जे माणूस असतं त्याने "हो" म्हटलं तरच कुत्रा राहणार. नाही म्हटलं तर तो गावाबाहेरच्या आश्रमात जाणार. तिथे म्हाताऱ्या कुत्र्यांची काळजी नीट घेत, खायला वेळेवर देत. पण तिथे कुणाचं सामान येत नव्हतं. हवालदार नुसत्या रिकाम्या जमिनीकडे बघत बसला आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की साहेबांना घास गिळवत नसे.

आणि दिवसभर घरात असणारं माणूस म्हणजे त्यांची बायको. ती घरीच शिवणकाम करायची. तिला कुत्र्यांचा तिटकारा नव्हता, पण कौतुकही नव्हतं. "बघू काही दिवस," एवढंच ती म्हणाली होती. लग्नानंतर इतक्या वर्षांनी साहेबांना पक्कं माहीत होतं की तिच्या 'बघू'चा 'नको' व्हायला फार वेळ लागत नाही.

पहिला तोडगा साहेबांनीच काढला. फ्रिजमधली सगळी फळं आणि भाज्या त्यांनी वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्या. डाळ-तांदळाची अडचण नव्हती. स्वच्छ धान्यासमोरून हवालदार नाक वर करून जायचा. दाण्यात कीड असेल तरच बसायचा, आणि साहेबांच्या घरात धान्याला कीड लागण्याची कुणाची बिशाद नव्हती. त्या दिवसापासून बायको कांद्यासाठीसुद्धा एक जिना चढू लागली. ती काही बोलली नाही. साहेबांना तेच भीतीदायक वाटलं.

मग भाजीवाल्याचं प्रकरण झालं. साहेब हवालदाराला फिरायला घेऊन निघाले, आणि कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानापाशी तो बसला. एकेक टोपली उचलून साहेबांनी त्याला दाखवली, शाब्बास म्हटलं, टॉवेल दिला. तो उठला, दोन पावलं पुढे गेला आणि पुढच्या टोपलीपाशी बसला. भोवती माणसं जमली. ज्याला त्याला माहीत होतं की साहेब विमानतळावर किडीच्या खात्यात आहेत.

"काय आहे हो भाजीत?" एकाने हळूच विचारलं.

"काही नाही. भाजी आहे," साहेब म्हणाले.

"मग हा कशाला बसलाय?"

"भाजी आहे म्हणूनच बसलाय."

यावर विश्वास ठेवेल असा माणूस त्या गर्दीत नव्हता. संध्याकाळपर्यंत दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांची बायको गेली, तेव्हा तिला इतकी वर्षं वरून दोन लिंबं टाकणाऱ्या भाजीवाल्याने मोजून मापून भाजी दिली आणि "वहिनी" म्हणायच्या ऐवजी "बाई" म्हणाला. घरी येऊन ती शिवणयंत्रावर बसली आणि तिने पायपट्टी इतक्या जोरात चालवली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं.

त्यातून सावरतायत तोवर आजोबांचं झालं. आजोबांना गोड वर्ज्य होतं आणि आजींनी घरात फळाचं नाव ठेवलं नव्हतं. आता साहेबांच्या कृपेने त्यांच्या फ्रिजमध्ये फळफळावळ आपणहून चालत आली होती. एका सकाळी आजोबा आजींबरोबर फिरायला म्हणून जिना उतरत असताना हवालदार त्यांच्यापुढे बसला. साहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "खिसे बघू."

आजोबांच्या एका खिशातून केळं निघालं, दुसऱ्या खिशातूनही केळं निघालं. आजींनी एकदा केळ्यांकडे, एकदा आजोबांकडे आणि मग बराच वेळ साहेबांकडे पाहिलं. त्याच दुपारी सगळी भाजी खाली आली. बायकोने ती शेजारणींना वाटून टाकली, रिकामा फ्रिज पुसून कोरडा केला आणि म्हणाली, "आता डॉक्टरबाई येईपर्यंत घरात डाळ शिजेल. मग बघू."

हा दुसरा 'बघू' होता.

अशात ताई यायची तारीख उजाडली. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. परदेशात राहायची, कित्येक वर्षांनी येत होती. बायकोने पडदे धुतले, चादरी बदलल्या, आणि साहेबांना दारात गाठून बजावलं, "तुम्ही ड्यूटीवर असाल. तिला नीट घेऊन या. आणि तिच्यापुढे तुमचा खाकीपणा नको."

साहेबांनी मान डोलावली. पण ताई सामानाची गाडी ढकलत त्यांच्या टेबलापुढे आली, तेव्हा आजूबाजूचे सगळे सहकारी बघत होते. साहेबांची मेहुणी आहे, बघू काय करतात, अशा नजरेने बघत होते. साहेबांनी आयुष्यात कधी कुणाची बॅग सोडली नव्हती. आता घरचं माणूस सोडलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. त्यांनी ताईच्या दोन्ही बॅगा उघडल्या. कपड्यांच्या घड्या मोडल्या. बुटांचे तळवे उलटे करून पाहिले. केसांच्या टाचण्यांची डबी उघडून टेबलावर ओतली. ताईच्या मागे रांग लागली.

"जावईबापू, दात काढून देऊ का?" ताई म्हणाली.

"नियम आहे, ताई."

"असू दे. माझे खरेच आहेत, निघायचे नाहीत."

शेवटी त्यांनी सगळं पुन्हा भरून दिलं. ताई गळ्याभोवतीची उशी काढायला लागली, तेव्हा त्यांचं मन द्रवलं. लांबचा प्रवास, त्यात आपण असं केलेलं. "राहू द्या, राहू द्या गळ्यात. मान अवघडली असेल," ते म्हणाले, आणि उशी सरळ करायला त्यांनी स्वतःच्या हाताने मदत केली. नवी कुत्री त्या वेळी दुसऱ्या टोकाला, सामान येण्याच्या पट्ट्यापाशी होती.

घरी पोचल्यावर दोघी बहिणी आधी रडल्या, मग हसल्या, मग टाचण्यांची गोष्ट निघाली आणि दोघींनी मिळून साहेबांकडे पाहिलं. मग ताईने गळ्यातली उशी काढली आणि बहिणीच्या मानेभोवती घातली.

"ही तुझ्यासाठी. यंत्रावर वाकून वाकून मान दुखते म्हणतेस ना फोनवर. हाताने शिवलीय. आमच्या घरामागे झाडं आहेत, त्यांच्या बिया भरल्यात आत. जरा ऊब दिली की मान मोकळी होते. आईच्या मानेला होती ना तशी."

 बायकोने उशीवरून नुसता हात फिरवला. आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या सतरंजीवरून हवालदार उठला, दुखऱ्या पायांनी हळूहळू चालत आला आणि तिच्या पायाशी बसला.

 आत्ताच सगळं सामान साहेबांनी स्वतः उचकलं होतं, त्यात फळ नव्हतं, पान नव्हतं, बुटाला माती नव्हती. मग उरलं काय? त्यांची नजर बायकोच्या मानेवर गेली. काखेत कळसा म्हणतात; इथे तो गळ्यात होता. आणि स्वच्छ बियांना हवालदार विचारत नसे. तो बसला, याचा अर्थ आत काहीतरी जिवंत होतं.

"अगंबाई," बायको म्हणाली. "हा कधी माझ्याकडे फिरकत नाही. आज बघ."

ती स्वयंपाकघरात गेली, हवालदार मागे गेला आणि बसला. ती यंत्रापाशी आली, तो यंत्रापाशी आला. ती मुद्दाम बाल्कनीत गेली, तिथेही तो.

"मुक्या जनावराला बरोबर कळतं," ताई म्हणाली. "तुझं मन मऊ आहे, ते ओळखलं त्याने."

"अहो, बघितलंत का?" बायको म्हणाली. साहेबांना तिच्या चेहऱ्यावर असं हसू बघून जमाना झाला होता. तिने कापडाची एक घडी आणून हवालदाराच्या मागच्या पायांखाली सरकवली. "थंड लागतं हो त्याला फरशीवर. डॉक्टरबाई उद्याच येणार ना? येऊ देत. मी सांगते त्यांना."

साहेबांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. खरं सांगावं तर ताईची भेट जाणार, बायकोचं हसू जाणार आणि पाठोपाठ हवालदार जाणार. गप्प बसावं तर घरात कुठल्या मुलखातली कुठली कीड चालत फिरणार, उद्या डाळीच्या डब्यात, परवा वाण्याच्या कोठारात. हवालदार वळून त्यांच्याकडेच बघत होता. मी सांगितलं ना, आता तुमचं काम करा, असं ते बघणं होतं. टॉवेल साहेबांच्या खिशातच होता. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, आणि आपण किती हलक्या काळजाचे आहोत हे त्यांना त्या क्षणी नीट कळलं. लाज वाटली. तरी ते बोलले नाहीत.

सकाळी त्यांनी रजा टाकली. दोघी बहिणी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या, उशी यंत्रावर राहिली, आणि साहेबांना खात्यातलंच एक ज्ञान आठवलं. कडाक्याच्या थंडीत कीड मरते. वेळ लागतो, पण मरते. निदान डॉक्टरबाई येऊन जाईपर्यंत ती हलणार तरी नाही. नंतर सावकाश सगळं सांगता येईल. फ्रिज तर रिकामाच होता. त्यांनी उशी पिशवीत घालून फ्रीजरमध्ये कोंबली, दार लावलं आणि खुर्चीवर येऊन पेपर उघडला.

बहिणी खाली आल्या.

"अहो, उशी कुठंय?"

"उन्हात टाकलीय. बाल्कनीत."

"बाल्कनीत नाहीये."

"मग... काढली असेल."

"कुणी?"

साहेबांनी पेपर आणखी वर धरला. बायको खोलीभर शोधत फिरली. आणि फिरता फिरता थांबली, कारण आपल्या मागे कुणी येत नाही, हे तिच्या लक्षात आलं.

हवालदार स्वयंपाकघरात होता. फ्रिजपुढे बसला होता. मान ताठ, नजर वरच्या दारावर.

"आता यात काही नाही," बायको हळूच म्हणाली. "मी स्वतः पुसलाय." तिने वरचं दार उघडलं. पिशवी काढली, पिशवीतून उशी काढली. ती थंडगार उशी हातात धरून ती कुत्र्याकडे बघत राहिली. हवालदार उशीकडे बघत होता. ती उशी डावीकडे गेली तेव्हा त्याची मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली तेव्हा उजवीकडे. सगळा उलगडा तिला नवऱ्याने तोंड उघडायच्या आधी झाला.

"म्हणजे मी नाही," ती म्हणाली. "उशी."

"माझी उशी बर्फात?" ताई दारातून म्हणाली.

साहेब पेपर घडी करून उठले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. बिया, कीड, भीती, डॉक्टरबाई, एकातून एक.  "तुमची काही चूक नाही, ताई. मी तुमच्या टाचण्या ओतून पाहिल्या आणि गळ्याकडे बघितलं नाही. वर माझ्याच हाताने ती सरळ केली. खात्यात सगळ्यांना सांगत असतो, कीड पासपोर्ट काढत नाही म्हणून. तिला मीच दार उघडून दिलं."

 मग बायकोने यंत्राच्या खणातून उसवणी काढली, बाल्कनीचं दार लावलं, टेबलावर पांढरं कापड पसरलं आणि ताईने घातलेली शिवण एकेक टाका सोडवत उसवली. बिया कापडावर पडल्या. क्षणभर काही दिसलं नाही. मग खोलीची ऊब लागली आणि दोन-चार बियांना पाय फुटले. बारीक तपकिरी भुंगे होते, आणि काही बियांच्या भोकांतून अळ्या वळवळत डोकावत होत्या.

"मी एकेक दाणा हाताने निवडला होता गं," ताई म्हणाली. तिचा चेहरा इतका उतरला की साहेबांना तिच्याकडे बघवेना.

"वरून नाही दिसत, ताई," ते म्हणाले. "त्या आतच असतात. आम्हालाही दिसत नाहीत. म्हणून तर हा लागतो."

त्यांनी खाली वाकून हवालदाराला "शाब्बास" म्हटलं आणि कालपासून राहिलेला टॉवेल दिला. हवालदार उठला. इतका वेळ बसून पाय धरले होते, म्हणून तो भिंतीला अंग टेकत सतरंजीपर्यंत गेला. बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या मनात काय चाललंय, ते साहेबांना कळेना.

कापडासकट सगळ्या बिया दुहेरी पिशवीत बंद झाल्या. साहेबांनी ऑफिसात फोन लावला आणि स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच नोंदवली. पलीकडे ती नवी मुलगी होती.

"प्रवाशाची तपासणी कुणी केली होती, सर?"

"मी."

"आणि राहून कशी गेली?"

"माझ्या सौजन्यामुळे," साहेब म्हणाले. ती मुलगी बराच वेळ लिहीत होती.

खात्याचा माणूस येऊन पिशवी घेऊन गेला. त्या बिया आता भट्टीत जाणार होत्या. उशीची खोळ ताईने पातेल्यात घालून खळखळ उकळली, आणि ती उकळत असताना दोघी बहिणी ओट्याशी उभ्या राहून हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मग बायको चपला घालून बाहेर गेली. कुठे जातेय, ते तिने सांगितलं नाही, आणि विचारायची साहेबांची छाती झाली नाही. ते सतरंजीवर हवालदाराशेजारी बसून राहिले. त्याची पांढरी हनुवटी त्यांच्या मांडीवर होती. "तू बरोबर होतास," ते त्याला म्हणाले. "ते लक्षात ठेव. तिकडे आश्रमात जावं लागलं तरी."

दुपारी डॉक्टरबाई आल्या. त्यांनी हवालदाराचे पाय चाचपले, डोळे पाहिले, आणि मग यंत्रामागे बसलेल्या बायकोकडे वळल्या.

"दिवसभर तुम्हीच असता ना घरी? काही त्रास?"

"आहे ना," बायको म्हणाली. "माझा फ्रिज रिकामा आहे. भाजीवाल्याशी वाकडं आलं. वरच्या आजी माझ्याशी बोलत नाहीत. काल माझी बहीण आली, तिची भेटवस्तू आज भट्टीत गेली."

साहेबांनी मान खाली घातली. डॉक्टरबाईंनी चष्मा वर सरकवला. "मग काय लिहू?"

तेवढ्यात हवालदार उठला. खोली ओलांडून हळूहळू यंत्रापाशी गेला आणि साहेबांच्या बायकोच्या पायाशी बसला. मान ताठ, नजर तिच्यावर.

"शाब्बास," बायको म्हणाली. हा शब्द तिने त्याला पहिल्यांदाच म्हटला होता, आणि तो तिला नीट जमला नाही, जरा दटावल्यासारखाच निघाला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हा असाच बसतो बघा माझ्याजवळ. काय करणार? लिहा, राहू दे म्हणून."

ताईला अचानक खोकला आला आणि ती पाणी प्यायला आत गेली. डॉक्टरबाईंनी लिहिलं, सही केली, हवालदाराचा कान कुरवाळला. साहेबांचे डोळे भरून आले होते. त्यांना कागदही दिसत नव्हता आणि दुसरंही काही दिसत नव्हतं.

ते डॉक्टरबाईंना जिन्यापर्यंत पोचवायला गेले. डॉक्टरबाईंची सगळी नोकरी या कुत्र्यांमध्ये गेली होती. दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या.

"शिवणकाम छान आहे हो तुमच्या बाईंचं," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, स्वतःचा खिसा तेवढा जरा खोल शिवा."

साहेब घरात आले आणि बायकोपुढे उभे राहिले. हवालदार अजून बसलेलाच होता.

"खिसा बघू," साहेब म्हणाले.

तिने झग्याच्या खिशातून एक सफरचंद काढलं. "भाजीवाल्याकडे गेले होते. त्याला सगळं सांगितलं. पैसे घेतले नाहीत त्याने."

 साहेबांनी नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण "बास आता" म्हणाली आणि सफरचंद टेबलावर ठेवून दिलं.

हवालदार लगेच उठला. तिच्याकडे वळूनही न बघता टेबलापाशी गेला आणि सफरचंदापुढे बसला.

"मेला जरासुद्धा खोटं बोलत नाही," बायको म्हणाली.  मग उठली, सफरचंद उचललं, पदराला पुसावं तसं झग्याला पुसलं, परत खिशात टाकलं आणि यंत्रावर जाऊन बसली. हवालदार तिच्यामागे आला. तिने पायाने ती कापडाची घडी त्याच्या बुडाखाली सरकवली आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

"उद्या येताना एक नवं आणा," ती मान वर न करता नवऱ्याला म्हणाली. "हे सुकलं, तर उठून जाईल तो."